मालिकोर्न : जुन्या गाण्यांना जुना आवाज कुठून मिळाला?

मालिकोर्न या फ्रेंच बँडची रेकॉर्ड एखाद्या नवख्या माणसाला ऐकवा आणि काय वाटलं ते विचारा. ‘मध्ययुगीन’ हा शब्द बहुधा पहिल्याच वाक्यात येईल. त्यापाठोपाठ किल्ले, घोडे, मठ, धुकं हा सगळा सरंजामही येईल.

आता हिशेब मांडून पाहू. बँड पॅरिसचा, १९७४ मध्ये पहिली रेकॉर्ड काढणारा. गाणी खेड्यापाड्यांतली, त्यांतली कितीतरी १९ व्या शतकात पहिल्यांदा कागदावर उतरलेली. वाद्यांमध्ये इलेक्ट्रिक गिटार आहे. बुझुकी हे तंतुवाद्य आहे, ते मूळचं ग्रीसचं, आणि आयर्लंडच्या लोकसंगीतात शिरून त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षंही झाली नव्हती. क्रमहॉर्न हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे, पण ते प्रबोधनकाळातलं, म्हणजे १५ व्या शतकाच्या अखेरीपासून १७ व्या शतकापर्यंतचं. त्या काळाला मध्ययुग म्हणणं म्हणजे पेशवाईला यादवकाळ म्हणण्यासारखं आहे.

काटेकोरपणे मध्ययुगीन म्हणावं असं या यादीत फारच थोडं आहे. तरीही कानाला जे वाटतं ते खोटं नाही. तो परिणाम कुणीतरी विचारपूर्वक साधलाय. तो का साधावा लागला, कसा साधला आणि त्याची किंमत काय मोजली, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

पेच

२८ फेब्रुवारी १९७२. पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहात आलाँ स्तिव्हेल या ब्रेतन गायकाचा कार्यक्रम झाला. ब्रेतन म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातले लोक. स्तिव्हेल केल्टिक हार्प वाजवत होता आणि मागे इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स होते. त्या मैफलीचा अल्बम फ्रान्सभर तुफान खपला आणि लोकसंगीत तरुणांच्या खोल्यांमध्ये पोहोचलं. त्या रात्रीच्या साथीदारांत गाब्रिएल याकूब नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. गिटार, बँजो, डल्सिमर अशी तंतुवाद्यं वाजवणारा. जन्म पॅरिसचा, वडील लेबनीज वंशाचे.

आपण दुसऱ्याच्या घरच्या कार्यात वाजवतोय, हे त्याला तिथे जाणवलं असावं, असा माझा तर्क आहे. कारण स्तिव्हेलकडे जे होतं ते फ्रेंच भाषेत गाऊ पाहणाऱ्या कुणाकडेच नव्हतं. ब्रिटनीला स्वतःची भाषा आहे. तिथले नाच खेड्यांत अजून चालू होते आणि रात्रभर नाचण्याचा ‘फेस्त-नोझ’ १९५० च्या दशकात पुन्हा उभा राहिला होता. बॉम्बार्ड (सनईच्या जातीचं वाद्य) आणि बॅगपाइप वाजवणारी पथकं होती. शिवाय पॅरिसच्या सरकारविरुद्धचा राग होता, आणि रॉकला लागणारं इंधन तेच. स्तिव्हेलला आपलं संगीत कुणाचं आहे हे सांगावं लागत नव्हतं.

फ्रेंच भाषेतल्या लोकगीतांचं काय? ती बेरी, पोआतू, नॉर्मंडी, ऑव्हेर्न्य अशा अनेक प्रांतांत विखुरलेली. ‘आम्ही’ म्हणजे कोण, याला सरळ उत्तर नाही. जे सोपं उत्तर होतं, म्हणजे ‘आम्ही फ्रेंच, ही आमच्या मातीची गाणी’, ते नासलेलं होतं. १९४० ते ४४ या काळात पेतँच्या व्हिशी राजवटीने, म्हणजे नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने, माती, शेतकरी, प्रांतीय पोशाख आणि लोकनृत्यं यांचा भरपूर वापर करून घेतला होता. युद्धानंतर ‘फोल्कलोर’ म्हटलं की शहरी, डाव्या विचारांच्या तरुणाला एक तर त्या राजवटीची आठवण यायची, नाही तर पर्यटकांसमोर लाकडी बूट घालून नाचणाऱ्या मंडळांची. दोन्हीकडे त्याला जायचं नव्हतं.

१९६० च्या दशकातली पॅरिसची मुलं तर बुलव्हार रास्पायवरच्या अमेरिकन सेंटरमध्ये लिओनेल रोशमाँच्या ‘हूटनॅनी’ मैफलींना जमायची आणि अमेरिकन लोकगीतं गायची. अ‍ॅपलेशियन डोंगरातली गाणी बँजोवर तोंडपाठ, आणि आजोळच्या गावातलं एकही नाही. १९६९ मध्ये ‘ल बुर्दों’ हा लोकसंगीताचा क्लब निघाला तो याच अस्वस्थतेतून. आपलं म्हणून काही गायचं आहे, पण ते गायला लागलो की एक तर अमेरिकन वाटतं किंवा पेतँवादी, असा तो पेच होता.

गाणी होती, साथ नव्हती

सामग्रीची टंचाई मात्र अजिबात नव्हती. सप्टेंबर १८५२ मध्ये फ्रान्सचे शिक्षणमंत्री इपोलित फोर्तूल यांनी देशभरातली लोकगीतं गोळा करण्याचा हुकूम काढला. शिक्षक, अधिकारी, हौशी विद्वान यांनी गाणी लिहून पॅरिसला पाठवली. १८५६ मध्ये फोर्तूल वारले, ठरलेला ग्रंथ निघालाच नाही आणि हस्तलिखितांचे खंड राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडले. सरकारी प्रकल्पांची गत सगळीकडे सारखीच. पण त्या धडपडीने वाट दाखवली, आणि पुढच्या काही दशकांत प्रांतोप्रांतीच्या संग्राहकांनी छापलेल्या गीतसंग्रहांची रांग लागली. अटलांटिकपलीकडे क्युबेकमध्ये मारियस बार्बो यांनी हजारो फ्रेंच गाणी ध्वनिमुद्रित केली. १७ व्या शतकात गेलेल्या वसाहतकारांनी ती सोबत नेली होती. एखादं गाणं पोआतूतही सापडतं आणि क्युबेकमध्येही, तर ते त्या स्थलांतराच्या आधीचं असण्याचा संभव मोठा. वय ठरवण्याची ही ढोबळ पण कामाची रीत.

अडचण वेगळीच होती. या संग्रहांत शब्द असतात, फार तर एका ओळीची स्वरलिपी असते. साथ नसते, कारण साथ नव्हतीच. खेड्यात वाद्यं वाजायची ती मुख्यतः नाचासाठी. गोष्ट सांगणारी लांबलचक गाणी माणसं एकट्या आवाजात म्हणायची, शेतात, चुलीपाशी, जनावरं राखताना. त्यामुळे अशा गाण्याला बँडसाठी बसवायला घेतलं की पहिल्या स्वरापासून सगळं नव्याने ठरवावं लागतं. ‘अस्सल’ साथ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. हा मुद्दा मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. मालिकोर्नने परंपरा बिघडवली असं म्हणणारे लोक जी मूळ साथ गृहीत धरतात, ती कधी नव्हतीच.

१९७३ मध्ये गाब्रिएल आणि त्याची बायको मारी यांनी ‘पिएर द ग्रनोब्ल’ हा अल्बम काढला. स्तिव्हेलच्या बँडमधला गिटारवादक दान आर ब्रास त्यात होता. दिशा ठरली होती, आवाज अजून ठरायचा होता. त्यानंतर लवकरच ह्यूग द कूर्सों आणि लोराँ व्हेरकाँब्र या दोघांना घेऊन मालिकोर्न उभा राहिला. हे नाव सार्त नदीकाठच्या, रंगीत चकाकीच्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका गावाचं. रेकॉर्ड कंपनीचं नाव मात्र ‘एग्झागोन’, म्हणजे षट्कोन. नकाशावर फ्रान्स सहा कोनांचा दिसतो म्हणून फ्रेंच लोक देशाला प्रेमाने तसं म्हणतात. एका गावाचं नाव आणि सगळ्या देशाचा नकाशा, मधला प्रांत गाळलेला. योगायोग असेलही, पण बँडचा सगळा कार्यक्रम त्यात आला.

द कूर्सोंबद्दल एक आडवळणाची गोष्ट. हा शाळेपासून लेखक पात्रिक मोदियानोचा मित्र. दोघे मिळून गाणी लिहायचे, त्यांतलं एक फ्राँस्वाज आर्दी या पॉप गायिकेने १९६८ मध्ये गायलं. पुढे मोदियानोला २०१४ चं साहित्याचं नोबेल मिळालं. व्यापारी पॉप गाणं कसं बांधतात हे मालिकोर्नमधल्या एका माणसाला आतून ठाऊक होतं, एवढ्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची.

चार वाटा

१९७४ मध्ये या मंडळींसमोर कोणते पर्याय होते? गिटार घेऊन अमेरिकन ढंगाने गाणं ही पहिली वाट, आणि तिचा कंटाळा येऊनच तर सगळे निघाले होते. एक प्रांत निवडायचा, तिथल्या म्हाताऱ्या वादकांकडे टेप रेकॉर्डर घेऊन जायचं, त्यांची ढब जशीच्या तशी उचलायची, ही दुसरी. फ्रान्समध्ये अनेकांनी ती धरली. १९७६ पासून बेरीतल्या सँ-शार्तिए गावात वाद्यकारागिरांचा जो मेळावा भरू लागला, तो या वाटेवरचा मोठा मुक्काम. तिसरी वाट इंग्लंडची. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने १९६९ मध्ये जुन्या बॅलड्सना, म्हणजे कथागीतांना, रॉक बँडची बास आणि ड्रम्सची चौकट दिली होती.

मालिकोर्नने चौथी वाट काढली. गाणं कुठल्याही प्रांतातलं घ्यायचं, पण त्याच्याभोवती असा स्वररंग उभा करायचा की ते प्रांतांची नावं पडण्याच्या आधीचं वाटावं. मध्ययुग ही अशी जागा होती जिच्यावर व्हिशीचाही हक्क नव्हता, पर्यटन खात्याचाही नाही आणि अमेरिकेचा तर नाहीच. लेबनीज आडनावाचा पॅरिसकर तिथे बेरीच्या शेतकऱ्याइतकाच परका आणि तितकाच घरचा. हे असं त्यांनी बसून ठरवलं, असा माझा दावा नाही. पण एकामागून एक घेतलेले निर्णय त्याच दिशेने जातात.

चाक, कुत्रा आणि टोपी

हा स्वररंग कशाचा बनलाय ते जवळून पाहू. सगळ्यात आधी मारी याकूबच्या मांडीवरचं व्हिएल. इंग्रजीत त्याला हर्डी-गर्डी म्हणतात. लाकडी पेटीच्या टोकाला दांडा असतो, तो फिरवला की आतलं लाकडी चाक फिरतं. चाकाच्या कडेला राळ लावलेली असते, त्यामुळे ते तारांवर न संपणाऱ्या गजासारखं घासत राहतं. तारा जिथे चाकाला टेकतात तिथे कापसाची पातळ गुंडाळी असते. ती जाड झाली की आवाज घोगरा होतो, विरळ झाली की किंचाळतो. डाव्या हाताने लाकडी पट्ट्या दाबायच्या, त्या आतून सुरेल तारेला अडवतात आणि चाल वाजते. बाकीच्या तारा षड्ज-पंचमावर अखंड आस धरून असतात.

खरी गंमत आणखी एका तारेत आहे. तिच्याखालची छोटी घोडी एका बाजूने सैल असते. तिला ‘शियँ’, म्हणजे कुत्रा म्हणतात. चाक एकसारखं फिरत असताना ती गप्प बसते. दांड्याला मनगटाचा हिसका दिला की तार उसळते, घोडी पेटीवर थरथरते आणि करकर असा लयबद्ध आघात निघतो. आस आणि ताल एकाच हाताने. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण घोडीवरचा दोरा केसभर पुढेमागे सरकवतो, तसा इथे वादक एक बारीक खुंटी पिळून हा कुत्रा किती चटकन भुंकावा ते ठरवतो.

या वाद्याचा पूर्वज खरोखर मध्ययुगीन आहे. सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथिड्रलच्या १२ व्या शतकातल्या शिल्पद्वारावर दोन संगीतकार मिळून एक लांबलचक चाकाचं वाद्य वाजवताना कोरले आहेत. पण मारीच्या मांडीवर आलेलं रूप थेट तिथून आलेलं नाही. मधल्या काळात हे वाद्य आंधळ्या भिकाऱ्यांच्या हाती गेलं, आणि १८ व्या शतकात चक्क व्हर्सायला पोहोचलं. मेंढपाळ-मेंढपाळीण होऊन खेळण्याची टूम दरबारात निघाली होती, स्वतः राणी मारी लेश्चिन्स्का व्हिएल वाजवायची. कारागिरांनी जुन्या गिटारी आणि ल्यूट कापून त्यांची व्हिएल बनवली. दरबाराची हौस फिटल्यावर तेच सुधारलेलं वाद्य खेड्यांत उतरलं आणि बेरी, बुर्बोने भागात टिकलं. जाँझा गावच्या पाजो घराण्यासारख्या कारागिरांनी ते १९ व्या शतकात घडवलं. ऐकणाऱ्याला जी ‘हजार वर्षांपूर्वीची’ करकर वाटते, तिच्यावर राजवाड्यातल्या सुताराचा हात फिरलेला आहे.

क्रमहॉर्नची कथा याच्या उलट. ते कुठल्याही खेड्यात टिकलं नव्हतं. १७ व्या शतकात बंद पडलं आणि २० व्या शतकात प्राचीन संगीताच्या अभ्यासकांनी संग्रहालयांतल्या नमुन्यांवरून पुन्हा बनवलं. टोकाला वाकलेली लाकडी नळी, दुहेरी पत्ती, आणि पत्तीवर टोपी. वादकाचे ओठ पत्तीला लागतच नाहीत, तो टोपीच्या भोकात फुंकतो. म्हणून आवाज लहानमोठा करता येत नाही. जोर वाढवला तर सूरच सरकतो. जेमतेम नऊ-दहा स्वर निघतात. भावना ओतायला सोयच नाही, आणि मालिकोर्नला नेमकं तेच हवं होतं. खूनखराब्याच्या गोष्टी त्यांना रडक्या वाद्यांवर सांगायच्या नव्हत्या. पुढे इंग्लंडच्या ग्रिफन या बँडमधला, बासून हे खर्जातलं फुंकवाद्य आणि क्रमहॉर्न वाजवणारा ब्रायन गलंड त्यांना येऊन मिळाला, तेव्हा हा रंग आणखी गडद झाला.

उरलेल्या यादीत वोज पर्वतातलं एपिनेत हे पडद्यांचं छोटं तंतुवाद्य, डल्सिमर, सॉल्टरी हे छेडायचं तंतुवाद्य, हार्मोनियम, व्हायोलिन, मँडोलिन. चौघेही वाद्य बदलत राहायचे, व्हेरकाँब्र तर विशेष.

वाद्यांइतकाच वाटा आवाजांचा. अनेक चाली डोरियन किंवा मिक्सोलिडियन स्वरपंक्तीत आहेत, आपल्या भाषेत काफी आणि खमाज थाटाच्या स्वरांत. त्या चालींना बँड ठरावीक मेजर-मायनर कॉर्डचं अस्तर लावायचं टाळतो. आवाज एकत्र येतात तेव्हा बऱ्याच जागी मधला गंधार गाळून नुसता पंचम ठेवलेला असतो. एक चाल पंचमाच्या अंतरावर समांतर गाण्याची रीत ९ व्या शतकाच्या सुमाराच्या लॅटिन ग्रंथांत वर्णिलेली आहे. गंधार नाही म्हणजे कानाला हे सुख की दुःख ते कळत नाही. आधुनिक पाश्चात्त्य कानाला ही पोकळी ताबडतोब ‘जुनी’ वाटते. माझ्या मते मालिकोर्नचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी डाव हाच.

एक गाणं : पांढरी हरिणी

१९७७ च्या चौथ्या अल्बममध्ये ‘ला ब्लांश बिश’ आहे. गोष्ट अशी. मायलेकी रानातून चालल्या आहेत. आई गातेय, मुलगी उसासे टाकतेय. आई विचारते, मार्गरीत, काय झालं? मुलगी सांगते, मी दिवसा मुलगी असते, रात्री पांढरी हरिणी होते. उमराव माझ्या मागे लागलेत, आणि माझा भाऊ रनो त्या सगळ्यांत वाईट. आई, जा, त्याला सांग, उद्या दुपारपर्यंत कुत्री आवर. आई जाते, विनवते. रनो तांब्याचं शिंग तीनदा फुंकतो, पण तिसऱ्या फुंकीला हरिणी सापडलेलीच असते. कातडी सोलायला माणूस बोलावतात. तो सोलतो आणि थबकतो. हिचे केस सोनेरी आहेत, छाती मुलीची आहे. तरी सुरी चालते, तुकडे होतात, पंगत मांडली जाते. रनो म्हणतो, सगळे बसलो, बहीण तेवढी यायची राहिली. ताटातून आवाज येतो : खा खुशाल, सगळ्यांआधी मीच बसलेय. माझं डोकं थाळीत आहे, काळीज खुंटीला, रक्त स्वयंपाकघरभर सांडलंय, आणि तुमच्या काळ्या कोळशांवर माझी हाडं भाजताहेत.

तिथे गाणं संपतं. रनोला काय वाटलं, आईचं काय झालं, काही नाही.

बांधणीच्या दृष्टीने हे गाणं म्हणजे संकटच. ओळींमागून ओळी, प्रत्येकीचे सहा-सहा अक्षरांचे दोन तुकडे, चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. यमकाची जागाही बहुतेक एकाच ‘इ’ स्वराने भरलेली. जुन्या फ्रेंच वीरकाव्यांत याच तऱ्हेने एकाच स्वरावर ओळी अडकवत नेतात. रॉकमधल्या नेहमीच्या युक्त्या इथे लागू पडत नाहीत. ध्रुवपद नाही, चढत जाणारा भाग नाही, सोलो घालायला फट नाही. सोलो घातला तर शिंगाची तिसरी फुंक आणि सुरी यांच्यातला श्वास तुटेल.

अशा गाण्यांसाठी मालिकोर्नची रीत ठरलेली. चाल हलवायची नाही, तिच्याभोवतीची हवा बदलायची. एका ओळीला नुसता आवाज, पुढे आस, मग आणखी एक आवाज, मग एखादं वाद्य येऊन काही न बोलता निघून जायचं. गाणारा कुणाचीच बाजू घेत नाही. मुलगी, आई, भाऊ, सोलणारा, सगळ्यांची वाक्यं त्याच सुरात. खेड्यातले एकटे गाणारेही असंच गायचे, चेहरा कोरा ठेवून. साथ पूर्ण नवी आणि कथनाची वृत्ती पूर्ण जुनी. हा तोल दुसऱ्या कुणाला इतका साधलेला मी ऐकला नाही.

त्याच अल्बमात ‘बाक्यू-बेर’ आहे. ब्रियाँसोंजवळच्या पों-द-सर्व्हिएर या आल्प्समधल्या वस्तीत १६ ऑगस्टला होणाऱ्या तलवारींच्या नाचाची ही चाल. तिथे हा नाच वाद्यांशिवाय, बायकांच्या निरर्थक अक्षरांच्या गाण्यावर होतो. डोंगरातली वस्ती आणि नॉर्मंडी-पोआतूकडची कथा एकाच रेकॉर्डवर, एकाच रंगात. चौथ्या वाटेचा फायदा इथे दिसतो. तोटाही इथेच.

मग रॉक कुठे आहे?

पहिल्या तीन अल्बमांच्या चौकडीत ड्रमर नव्हता, आणि ऑलिव्हिए झ्द्रझालिक बास घेऊन आला तो चौथ्याच्या सुमारास. स्तिव्हेल किंवा फेअरपोर्ट ऐकून आलेला माणूस ठेका शोधत बसतो. इथे रॉक ठेक्यात कमी, स्टुडिओत जास्त आहे. इलेक्ट्रिक गिटार लांबवलेल्या स्वरांसाठी वापरणं, आवाजांचे थर चढवणं, एकदम शांत आणि एकदम भरगच्च यांची उडी, हे सगळं त्या दशकाच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचं वळण.

त्याहून मोठं उसनं म्हणजे अख्खा अल्बम ही एक वस्तू मानणं. १९७६ चा ‘अल्मानाक’ वर्षाच्या चक्रावर उभा आहे. सणवार, ऋतू, सेंट जॉनचा उन्हाळी सण, नाताळ. खेड्यात ही गाणी आपापल्या दिवशी गायली जायची, वर्षभराची एकदम कुणीच गायची नाहीत. रेकॉर्डच्या दोन बाजूंवर अख्खं वर्ष बसवण्याची कल्पना रॉकची, मजकूर पंचांगाचा.

१९७८ मध्ये ते याहून पुढे गेले. त्या अल्बमचं नाव एका दमात म्हणता येत नाही : ‘आदेलार रूसो, उर्फ निव्हेर्नेचा हृदयांची किल्ली, सुतार-कॉम्पान्यों, याचा असाधारण फ्रान्स-फेरा’. कॉम्पान्यों म्हणजे कारागिरांच्या जुन्या बंधुसंघांतले लोक. तरुण कारागिराने गावोगाव फिरायचं, प्रत्येक ठिकाणी उस्तादाच्या हाताखाली काम करायचं, संघाच्या घरात राहायचं (ते घर चालवणाऱ्या बाईला ‘आई’ म्हणतात), आणि शेवटी हातचं एक उत्कृष्ट काम सादर करायचं. संघ त्याला नवं नाव देतो, मूळ प्रांत अधिक एखादा गुण. आग्रिकोल पर्दिगिए या सुताराचं नाव होतं ‘आव्हिन्योंचा सद्गुण’, आणि त्याने १८३९ मध्ये या संघांवर लिहिलेलं पुस्तक आजही आधारभूत मानतात. म्हणजे विषय बराचसा १९ व्या शतकाचा. पण क्रमहॉर्न आहेच, पंचमही आहेत, आणि ऐकणारे त्यालाही बेधडक मध्ययुगीन म्हणतात. रंग विषयापेक्षा बलवान झाला होता. मला हा त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम वाटतो. निदान इथे त्यांनी ‘आम्ही कोण’ या प्रश्नाला नवं उत्तर शोधलं. किल्ल्यातल्या धुक्याऐवजी रस्त्यावरचा कामगार, एका प्रांताचा नसून सगळ्या प्रांतांतून चालत जाणारा.

तुलनेला रिपाय या बँडचा १९७७ चा एकमेव अल्बम घ्या. जाळून मारलेल्या म्हातारीचं नाव लावलेला. तिथेही जुनी वाद्यं आणि रॉक आहेत, पण मध्ययुग नाटकाच्या पडद्यासारखं समोर लटकतं. ऐकायला मजा येते, धक्का बसत नाही.

किंमत

आक्षेप दोन बाजूंनी येऊ शकतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. प्रांतीय शैलीचा अभ्यास करणारा म्हणेल, बेरीचा व्हिएलवादक आणि ऑव्हेर्न्यचा व्हिएलवादक मनगटाचा हिसका वेगळा देतात. तुम्ही सगळं एका सुंदर राखाडी रंगात बुडवलंत. ते खरंच आहे. मालिकोर्न ऐकून कुणाला ‘बूरे’ हा तिकडचा लोकनाच नाचता येणार नाही. ही मैफलीची, हेडफोनची चीज आहे. फ्रान्सची लोकसंगीत चळवळ पुढे नाचाकडे आणि स्थानिक ढबींकडे वळली ती याच उणिवेमुळे, असं म्हणायला जागा आहे. रॉकवाला म्हणेल, एवढं जपून का वाजवता? त्यालाही ‘अल्मानाक’च्या काही भागांपुरतं तरी उत्तर नाही.

मला स्वतःला तिसरीच गोष्ट खटकते. स्वररंग एकदा सापडला की तो सवय होतो. १९७९ च्या ‘ल बेस्तिएर’मध्ये अजून जोर आहे. १९८१ च्या अल्बमात त्यांनी आधुनिक गीतांकडे मोर्चा वळवला, १९८६ च्या ‘उद्योगाची कॅथिड्रल’मध्ये यंत्रांचे आवाज आणि सिंथेसायझर पुढे आले. बदलण्याची इच्छा प्रामाणिक होती. पण ज्या पोकळ पंचमांनी त्यांना प्रांत आणि काळ यांतून मोकळं केलं होतं ते सोडल्यावर इतर चांगल्या फ्रेंच बँडांपेक्षा वेगळं त्यांच्याकडे थोडंच उरलं.

माणसं मात्र वाया गेली नाहीत. व्हेरकाँब्र ‘ल क्वात्युओर’ या विनोदी तंतुवाद्य-चौकडीत गेला. द कूर्सोंने १९९३ मध्ये गॅबनचे संगीतकार पिएर आकँदँगे यांच्याबरोबर बाख आणि गॅबनचं संगीत एकत्र बांधलं, नंतर मोत्सार्ट आणि इजिप्तचं. मालिकोर्नमध्ये शिकलेली युक्ती त्याने आणखी लांब नेली. गाब्रिएलने स्वतःची गाणी लिहिली. १९७८ च्या त्याच्या एकल अल्बमचं नाव ‘त्राद. आर.’, म्हणजे रेकॉर्डच्या मागे बारीक अक्षरात छापतात ते ‘पारंपरिक, मांडणी अमुक’. १५ जुलै २०१० रोजी ला रोशेलच्या फ्रँकोफोली महोत्सवात मालिकोर्न पुन्हा मंचावर आला आणि त्यानंतर काही वर्षं फिरत राहिला. गाब्रिएल याकूब जानेवारी २०२५ मध्ये वारला.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर चौथ्या अल्बमपासून करा, मग ‘अल्मानाक’, मग सुताराची फेरी. फ्रेंच येत नसेल तर ‘ला ब्लांश बिश’ची गोष्ट वर दिलीच आहे, ती आधी वाचून घ्या. नाही तर ताटातून बोलणारी मुलगी आली कधी आणि गेली कधी ते कळणार नाही, कारण गाणारे तिथे आवाज जराही बदलत नाहीत.